उतारावरच्या पाण्याची जुनी गावे

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशा दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने १९०१ मध्ये दाखवून दिले आणि पुढे तेथील उत्खननांनी त्यास दुजोरा दिला. पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तगरहून जाडेभरडे तसेच तलम कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून किनाऱ्याकडे नेले जाई, असे हा ग्रंथकार नोंदवतो. पैठण आणि तगर यांच्या दरम्यानच्या गावांची नावे तो देत नाही. परंतु नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर तिच्या जवळजवळ मधोमध बीड शहर येते. हे सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दहा दिवसांच्या हिशेबाने गाडीने रोज जेमतेम पाच कोस कापले. आणि गोदावरीची काळी चिकण जमीन ओलांडून बालाघाट चढणाऱ्या बैलांची गती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा हिशेब मुळीच खोटा वाटणार नाही.

प्राचीन वस्ती म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर बहुधा ग्रीक बेटांवरील संगमरवरी स्तंभ येतात, कारण ती स्थळे जगाने फार पूर्वी पाहिली, मोजली आणि छापली. डेलॉस हे एकेकाळी व्यापाराने गजबजलेले बेट आज जवळजवळ निर्मनुष्य आहे. राखणदार आणि अभ्यासक सोडले तर तेथे कोणी मुक्कामाला राहत नाही. सँटोरिनी बेटावरील आक्रोतिरी हे नगर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि १९६७ पासूनच्या उत्खननात घरे, जिने व भित्तिचित्रे यांसह पुन्हा उजेडात आले. दोन्ही ठिकाणी माणसे निघून गेली, म्हणून भूतकाळ जागच्या जागी राहिला. बीड जिल्ह्यात याच्या अगदी उलट घडले आहे. येथील जुन्या वस्त्यांतून माणूस कधी पुरता उठलाच नाही. सातवाहनांच्या काळातील मातीवर यादवांचे मंदिर, मंदिराच्या दगडांचा बहामनी वा निजामशाही तट, तटाला टेकून उभे राहिलेले चालू शतकातील घर, अशा थरांवर थर देत ही गावे आजही नांदत आहेत. म्हणून येथे भूतकाळ शोधायचा तर रिकाम्या अवशेषांकडे पाहून भागत नाही. वापरात असलेली विहीर, पूजेतील मूर्ती आणि नांगराखालची माती यांच्याकडे पाहावे लागते. हे पाहणे एकदा सुरू झाले की, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा जुना इतिहास हा मुख्यतः पाणी अडवण्याचा, वळवण्याचा आणि राखण्याचा इतिहास आहे, हे ध्यानात येते.

घाट, थडी आणि पांढर

बीड जिल्ह्याची रचना समजून घेतल्याशिवाय येथील कोणत्याही स्थळाचा उलगडा होत नाही. जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे बालाघाटाची रांग जाते. तिच्या उत्तरेला गेवराई, माजलगाव, परळी या बाजूची खोल काळ्या जमिनीची गंगाथडी, म्हणजे गोदावरीकाठचा सखल पट्टा, आणि घाटावर पाटोदा, आष्टी, केज, धारूर, आंबाजोगाई यांचा माळरानी, मुरमाड प्रदेश आहे. सिंदफणा आणि तिला मिळणारी बिंदुसरा या नद्या घाटातून निघून उत्तरेकडे गोदावरीला जातात, तर पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वळते. पाऊस बेताचा आणि लहरी असला, तरी बालाघाटाच्या कड्यावरून तो खाली उतरतो त्या ठिकाणी, म्हणजे ओढ्यांच्या मुखाशी आणि घाटवाटांच्या पायथ्याशी, पाणी काही काळ थांबते. बीड, आंबाजोगाई, परळी आणि धारूर ही जुनी नगरे याच कडेला किंवा तिच्या अगदी जवळ वसलेली आहेत, यात योगायोग मानण्याचे कारण नाही.

जुन्या गावाची खूण म्हणजे पांढर. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढर, हा भेद मराठी मुलखात शेतकऱ्यांना जन्मतः ठाऊक असतो. परंतु त्यामागचे कारण पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाचे आहे. मातीची घरे पिढ्यान्‌पिढ्या पडत आणि त्याच जागी पुन्हा उभी राहत गेली, चुलीची राख, शेण, चुना, हाडे आणि धान्याचा भुसा त्या मातीत मिसळत गेला, आणि तिचा रंग बदलून जमिनीची पातळी आजूबाजूच्या रानापेक्षा कित्येक हातांनी वर आली. गावाबाहेरचे असे उंच, करडे टेकाड म्हणजे उठून गेलेले किंवा सरकलेले गाव होय. पहिल्या पावसानंतर त्याच्या उतारावर खापरांचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे अवशेष, मणी आणि कधी हातभर लांबीच्या विटा उघड्या पडतात, आणि या वस्तूंच्या घडणीवरून वस्तीचा काळ अभ्यासकांना ठरवता येतो.

ही माती पिकाला चांगली मानवते, हेच तिचे दुर्दैव ठरले आहे. राख आणि हाडांमुळे तिच्यात खताचे गुण असतात, म्हणून पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. बैलगाडीच्या काळात एका पिढीला जेवढी माती नेता येत नव्हती, तेवढी आज पोकलेन आणि हायवा यांच्या साहाय्याने चार दिवसांत जाते. दोन हजार वर्षांत साचलेल्या थरांचा क्रम एकदा विस्कटला की कोणत्या काळात काय होते हे सांगणारा पुरावा कायमचा जातो, कारण खापर हाती आले तरी ते कोणत्या थरातील होते हे कळण्याचा मार्ग उरत नाही. गंगाथडीच्या अनेक गावांत ही हानी झालेली आहे, माजलगावच्या धरणाखाली काही जुनी गावठाणे गेली आहेत, आणि या झिजेची नोंद कोणत्याही एका दप्तरात एकत्र मिळत नाही.

तळ्यातले कंकालेश्वर

बीड शहराच्या पूर्व भागात एका चौरस तळ्याच्या मधोमध कंकालेश्वराचे मंदिर उभे आहे. काठापासून मंदिराकडे जाणारी वाट सोडली तर त्याच्या चारही बाजूंना पाणी, असे हे खऱ्या अर्थाने बेट आहे. मंदिर त्रिदल पद्धतीचे, म्हणजे एका मंडपाला तीन दिशांनी तीन गर्भगृहे जोडलेले आहे, आणि त्याचा तलविन्यास, म्हणजे जमिनीवरील आराखडा, तारकाकृती आहे. एक चौरस त्याच्या मध्याभोवती थोडाथोडा फिरवत गेल्यास कोन बाहेर येत राहतात आणि चांदणीसारखी आकृती तयार होते. ही आकृती पायापासून शिखराकडे उभी नेली की भिंतीला असंख्य उभ्या धारा मिळतात, आणि उन्हाचा कोन बदलेल तशा या धारांच्या सावल्या सरकत राहतात. भिंतींवर देवता, सुरसुंदरी, म्हणजे मंदिराच्या बाह्यांगावर कोरलेल्या सुंदर स्त्रिया, आणि हाती शस्त्र घेतलेल्या स्त्रियांच्याही मूर्ती आहेत. मंदिराचा काळ कोणी कल्याणीच्या चालुक्यांचा तर कोणी यादवांचा मानतात. शिल्पांची ठेवण पाहता ते या दोन राजवटींच्या सांध्यावर ठेवणे सर्वांत योग्य दिसते.

चुन्याचा वापर न करता, दगडाला दगडाच्या खाचेत बसवून आणि वरच्या वजनाने खालचा थर दाबून धरून उभारलेल्या अशा इमारतींना सर्वत्र हेमाडपंती म्हटले जाते. ज्या हेमाद्री पंडिताशी हे नाव जोडले जाते तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता, तर या पद्धतीची बांधकामे त्याच्या शंभर-दीडशे वर्षे आधीपासून मराठवाड्यात आढळतात. पाण्यात उभ्या राहणाऱ्या इमारतीला ही कोरडी रचना विशेष सोयीची ठरते, कारण सांध्यात धुऊन जाण्यासारखा चुनाच नसतो. तळ्यातील पाण्याची पातळी फार खाली-वर झाली तर पायाखालची माती आळीपाळीने फुगते आणि आकसते, म्हणून येथे तळे ही मंदिराची शोभा नसून त्याच्या आरोग्याची अट आहे. शहराचे सांडपाणी आणि प्लास्टिक तळ्यापर्यंत पोहोचू न देणे, हे म्हणूनच मूर्ती पुसून घेण्याइतकेच जतनाचे काम आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

याच शहरात बिंदुसरेच्या दोन्ही बाजूंना राजुरी वेस, कोतवाली वेस, जहांगीरच्या काळातील जामा मशीद, शहेनशहावली दर्गा आणि खंडोबाच्या उंच दीपमाळा आहेत. बीडजवळच्या करजणी गावाच्या टेकडीवर महंमद तुघलकाच्या दाताची कबर म्हणून एक वास्तू दाखवली जाते. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना सुलतानाचा दात येथे पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून वर घुमट बांधविला, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या महापुराने या जुन्या शहराचा मोठा भाग धुऊन नेला. दुष्काळी म्हणवणाऱ्या गावाची सर्वांत मोठी अलीकडची आपत्ती पुराची असावी, ही गोष्ट येथील पाण्याचा स्वभाव सांगते: ते थोडे असते, पण येते तेव्हा एकदम येते, आणि ज्याला ते धरून ठेवता आले त्याचेच गाव टिकले.

खजाना विहीर कशी चालते

हे धरून ठेवणे किती बारकाईने साधले जात असे, याचे उत्तम उदाहरण बीडच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने खजाना विहीर बांधविली. तिची आखणी राजा भास्कर नावाच्या स्थपतीने केली असे परंपरा सांगते. वरून पाहता ती दगडी बांधणीची, रुंद तोंडाची, आत उतरायला पायऱ्या आणि फिरायला ओवरी असलेली विहीर वाटते. परंतु तिच्यावर ना मोट आहे ना रहाट, कारण हिच्यातून पाणी वर ओढायचेच नसते.

विहिरीच्या भिंतीत तीन भुयारी नहरींची तोंडे आहेत. दोन नहरींतून वरच्या अंगाचे, नदीखोऱ्यातील वाळूत आणि मुरमात मुरलेले पाणी आत येते आणि तिसरीतून ते खालच्या अंगाला, बलगुजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतीच्या पट्ट्याकडे निघून जाते. यामागचे गणित साधे, पण अंमलात आणण्यास अतिशय अवघड आहे. बालाघाटाकडून गोदावरीकडे जमीन उतरत जाते. नहरीचा तळ मात्र जमिनीपेक्षा कितीतरी कमी उताराने नेलेला असतो. त्यामुळे उगमाशी जमिनीखाली खोल असलेले पाणी काही अंतर गेल्यावर आपोआप जमिनीच्या पातळीला येते आणि पाटात पडते. उतार थोडा अधिक झाला तर पाण्याचा वेग वाढून नहर कोरली जाते, थोडा कमी झाला तर गाळ बसून ती तुंबते. आणि हे माप आखणाऱ्याने जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात, ओळंबा आणि पाण्याची पातळी यांच्या आधारे राखले. अशा नहरींवर अंतराअंतराने उभे झरोके काढलेले असतात, त्यांतून हवा आत जाते आणि गाळ काढणाऱ्यांना उतरता येते.

विहीर या व्यवस्थेत साठवणीची आणि नियंत्रणाची जागा आहे. आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी-अधिक झाला तरी बाहेर जाणाऱ्या नहरीच्या तोंडाची उंची ठरलेली असल्याने पातळी एका मर्यादेत राहते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी पुढे जाते. विजेचा एक युनिट न जाळता शेकडो एकरांना चार शतके पाणी देणारी ही रचना तिच्या काळात अपवाद नव्हती. अहमदनगरच्या खापरी नळांपासून पुढे मलिक अंबरने औरंगाबादेस आणलेल्या नहरीपर्यंत याच विद्येचा विस्तार झाला.

तिचे भवितव्य मात्र विहिरीच्या भिंतींवर अवलंबून नाही. ज्या वाळूत आणि मुरमात पाणी मुरून ते नहरीत येते, ती वाळू नदीतून उपसली गेली किंवा त्या परिसरात शेकडो फूट खोल बोअर पडले, तर भूजलाची पातळी नहरीच्या तळाखाली जाते आणि एकही दगड न हलता विहीर मरते. स्मारकाला कुंपण घालून त्याचे संरक्षण झाले असे मानणाऱ्या पद्धतीची मर्यादा खजाना विहिरीइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

आंबाजोगाईचे शिलालेख आणि चर

जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, घाटाच्या कडेवर जयंती नदीच्या काठी वसलेले आंबाजोगाई हे बीडमधील सर्वांत समृद्ध ऐतिहासिक नगर होय. जुन्या लेखांत आंबे म्हणून येणाऱ्या या गावात योगेश्वरीचे मंदिर आहे, कोकणातील अनेक कुळांची ही कुलस्वामिनी असल्याने घाटाखालची माणसे शतकानुशतके येथे येत राहिली आहेत, आणि निजामाच्या काळात मोमिनाबाद या नावाने हे घोडदळाच्या छावणीचे ठाणे होते.

नदीच्या बाजूला हत्तीखाना किंवा शिवलेणी म्हणून ओळखले जाणारे लेणे आहे. बेसॉल्टच्या सपाट खडकात वरून खाली खोदत जाऊन आधी मोठे अंगण मोकळे केलेले, अंगणात नंदीमंडप आणि पाषाणाचे भव्य हत्ती मूळ खडकातूनच राखलेले, आणि समोर खांबांच्या रांगांवर तोललेला विस्तीर्ण मंडप कोरलेला, अशी त्याची रचना आहे. लेणे बांधावयाचे नसते, नको असलेला दगड काढून टाकावयाचा असतो. त्यामुळे चुकीला जागा नसते आणि हत्ती कोठे उभे राहणार हे पहिली छिन्नी लागण्याआधीच ठरवावे लागते. खोलगट अंगणात पावसाचे पाणी साचू न देणे हा अशा लेण्याचा जन्मापासूनचा प्रश्न आहे, आणि आजच्या जतनातही पहिला खर्च पाण्याच्या निचऱ्यावरच व्हावयास हवा. येथील शके १०६६, म्हणजे इसवी सन ११४४ चा उदयादित्याचा लेख कल्याणीच्या चालुक्यांच्या अखेरच्या काळात हे स्थान किती प्रतिष्ठित होते हे दाखवतो.

त्यानंतरच्या शतकात हे गाव खोलेश्वराचे झाले. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. जन्माने ब्राह्मण, कर्माने योद्धा, विदर्भापासून गुजरातपर्यंत मोहिमा चालवणारा आणि त्याच हातांनी मंदिरे व अग्रहार, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना उत्पन्नासह दिलेली गावे, वसवणारा. शके ११५०, म्हणजे इसवी सन १२२८ चा लेख सकलेश्वर मंदिराच्या दानांची नोंद करतो. शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४० च्या लेखात अधिक करुण हकीकत आहे. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी मारला गेला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ आंब्यात मंदिर उभारले. राजे आणि सेनापती यांच्या नावांनी भरलेल्या यादव लेखांत, भावाच्या मृत्यूनंतर स्वतः पुढे होऊन मंदिर बांधणारी ही स्त्री विशेष लक्षात राहण्याजोगी आहे, आणि मराठी वाचकांना तिचे नाव आज आहे त्यापेक्षा पुष्कळ अधिक परिचयाचे असावयास हवे.

सकलेश्वराच्या मंदिराला गावात बाराखांबी म्हणतात, कारण उरलेल्या अवशेषांत कोरीव खांबच आधी नजरेस पडतात. मार्च २०२४ मध्ये राज्य पुरातत्त्व विभागाने या परिसरात उत्खनन केले, तेव्हा दोन मंदिरांचे तळभाग आणि जुन्या विटा उघड झाल्या. म्हणजे जे एकटे मंदिर समजले जात होते, ते एका मोठ्या मंदिरसमूहाचा उरलेला भाग होते. अशा उत्खननात चर, म्हणजे ठरावीक मापाचे चौकोनी खड्डे, दोऱ्या लावून आखतात, माती एकेक थराने खरवडून काढतात, प्रत्येक थरातील वस्तू वेगळ्या पिशवीत घालून त्यावर चराचा क्रमांक आणि खोली लिहितात, आणि दोन चरांच्या मध्ये मातीची भिंत मुद्दाम राखतात. त्या भिंतीत थरांचे रंग वाचता येतात. पांढरीच्या मातीवर पोकलेन चालल्याने नेमके काय नष्ट होते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने अशी एक भिंत एकदा पाहावी.

दगडी इतिहासाइतकाच शब्दांचा इतिहासही या गावाने सांभाळला आहे. शके १११० चा मानला जाणारा विवेकसिंधु हा ग्रंथ लिहिणारे मुकुंदराज यांची समाधी गावाबाहेरच्या डोंगरात आहे. ते येथील की विदर्भातील आंभोऱ्याचे, याबद्दल अभ्यासकांत वाद असला तरी आंबाजोगाईने त्यांना कधीच अंतर दिले नाही. सोळाव्या शतकातील दासोपंतांनी लांबलचक कापडावर लिहिलेली पंचीकरणाची पासोडी हे तर मराठी हस्तलिखितांतील अनन्य लेणे होय. दगडाला चारशे वर्षे काहीच नाहीत, कापडाला ती फार होतात. ही पासोडी टिकली ती घराण्याने आणि मठाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या राखणीमुळे, कोणत्याही सरकारी दप्तराच्या कितीतरी आधीपासून.

धर्मापुरी, धारूर, राक्षसभुवन

परळीचे वैजनाथ मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे ज्योतिर्लिंगांत गणले जात असल्याने देशभर माहीत आहे. त्याच भागातील धर्मापुरी मात्र फारशा वाचकांना ठाऊक नाही. तेथील केदारेश्वर मंदिर चालुक्यकालीन शिल्पकलेचा उत्तम नमुना असून त्याच्या बाह्यभिंतीवर पत्रलेखिका, म्हणजे पत्र लिहिण्यात गढलेली सुरसुंदरी, आढळते. गावातील किल्ल्याच्या तटात मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात; त्यामुळे धर्मापुरीत एके काळी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक मंदिरे होती हे तटच सांगतो.

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या तुटक्या कड्याचा लाभ घेऊन उभा आहे: दऱ्यांच्या बाजूंना निसर्गच राखण करतो आणि जमिनीला जोडलेल्या बाजूला खंदक व तट. १५६७ च्या सुमारास विजापूरचा सरदार किश्वरखान याने तो बांधला आणि थोड्याच काळात निजामशाही सैन्याशी लढताना तो येथेच मारला गेला. १६३१ च्या आरंभी मोगलांच्या आझमखानाने धारूर घेतले, तेव्हा दख्खनवर १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ पसरलेला होता. आतील हौद आणि तळी पाहिली की वेढ्याच्या काळात दाणागोट्यापेक्षा पाणीच किल्ल्याचे आयुष्य ठरवत असे, हे पटते.

गोदावरीने तर एका लढाईचा निकालच ठरवला. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाजवळ निजामअलीचे सैन्य पूर आलेल्या नदीने दुभंगले होते. स्वतः निजाम काही फौजेसह पलीकडे गेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी नेमक्या त्याच वेळी हल्ला करून अलीकडची फौज बुडवली. विठ्ठल सुंदर मारला गेला. आज त्या गावी लोक शनीच्या दर्शनाला येतात आणि ज्या घाटावर हे घडले तेथे स्नान करतात.

पुरुषोत्तमपुरी

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मास आला की एरवी शांत असलेल्या या गावात गर्दी मावत नाही, कारण अधिक मासाचा अधिपती पुरुषोत्तम आणि त्याचे मंदिर येथे. अनारसे आणि धोंडे यांचे वाण घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. या गावाचा जन्मदाखला मात्र तांब्यावर कोरलेला आहे. शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१० मध्ये देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याने पोखरी आणि आसपासची गावे एकत्र करून स्वतःच्या नावाचा अग्रहार वसवला, त्याचा तीन पत्र्यांचा ताम्रपट येथे मिळाला आणि वासुदेव विष्णू मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. रामचंद्राच्या कारकिर्दीतील अगदी अखेरच्या लेखांपैकी तो आहे. देवगिरी तेव्हा दिल्लीची मांडलिक झालेली होती आणि मलिक काफूरची दक्षिणेची पुढची स्वारी काही महिन्यांवर आली होती. तरी या पत्र्यांत गावांच्या सीमा, दान घेणारे आणि त्यांचे वाटे अशा काळजीने लिहिले आहेत की, लिहिणाऱ्यांना आपली व्यवस्था कायम चालणार याविषयी शंका नव्हती असे वाटते. राज्य गेले, अग्रहार गेला, गाव आणि नाव राहिले.

येथील मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगतात, ही गोष्ट पंचक्रोशीत कौतुकाने सांगितली जाते, आणि तिचे कारण घडणीत आहे. माती मळताना तिच्यात भाताचे तूस किंवा भुसा मिसळला जाई. भट्टीत तो जळून गेला की त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या राहत आणि वीट पाण्याहून हलकी होई. जड दगडी पायावर अशा हलक्या विटांचे शिखर चढवले म्हणजे खालच्या भिंतींवर आणि नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीवर भार कमी येतो. तेरच्या त्रिविक्रम मंदिराच्या आणि तेलंगणातील रामप्पा मंदिराच्या विटाही याच जातीच्या आहेत. अलीकडे शासनाने या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आहे. त्यात जुन्या मापाची आणि जुन्या वजनाची वीट घडवली जाते की बाजारातील वीट बसते, यावर ते काम जीर्णोद्धार ठरणार की नवे बांधकाम, हे अवलंबून राहील.

राखण कोणाची

स्थळांचे संरक्षण कागदावर तीन प्रकारचे असते: केंद्राच्या यादीतील, राज्याच्या १९६० च्या कायद्याखालील, आणि कोणत्याच यादीत नसलेले. बीड जिल्ह्यातील बहुसंख्य बारवा, म्हणजे पायऱ्यांनी उतरावयाच्या विहिरी, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आणि पांढरीची टेकाडे तिसऱ्या प्रकारात येतात. त्यांचा कारभार देवस्थानचे विश्वस्त, ग्रामपंचायत किंवा शेताचा मालक यांच्याकडे असतो, आणि हानी बहुधा दुष्ट हेतूने होत नाही. श्रद्धेपोटीच मूर्तीला ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्यात फरशी बसते, कोरीव खांबांपुढे सिमेंटचा सभामंडप येतो, आणि पडलेली बारव मुले पडू नयेत म्हणून बुजवली जाते. रंगाचा थर दगडाला श्वास घेऊ देत नाही. आतील ओल बाहेर पडू न शकल्याने पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि रंगाबरोबर शिल्पही जाते. विश्वस्तांना हे समजावून सांगणारा माणूस रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गावात पोहोचणे, ही खरी गरज आहे.

यात आणखी एक अडचण या जिल्ह्याच्या जगण्यातूनच येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी लाखो माणसे कारखान्यांकडे निघतात आणि घाटावरची कित्येक गावे उन्हाळ्यापर्यंत अर्धी रिकामी होतात. माती, वाळू आणि दगड उचलले जातात ते बहुधा याच महिन्यांत, कारण हटकणारे गावात नसतात. म्हणून येथील वारसा राखण्याचा प्रश्न गावातच पोट भरण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, आणि तो फक्त पुरातत्त्व खात्याकडे ढकलणे अन्यायाचे ठरेल.

तरीही वाचकांना करता येण्यासारखे काही आहे. दिवाळीला गावी गेलेल्यांनी आपली बारव, वीरगळ आणि पांढर यांची छायाचित्रे व जागा ग्रामसभेपुढे ठेवून त्यांची नोंद ठरावात घालून घ्यावी. लेख कोरलेला दगड सापडल्यास तो घासू नये, त्याला तेल-शेंदूर लावू नये आणि जागेवरून हलवू नये, तर राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. नांगरताना वा पाया खणताना नाणी किंवा मौल्यवान ठेवा निघाल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि तो कायदा आजही लागू आहे.